पूर्ववत झालेली गाडी

मोठे साहेब, खोटं न बोलल्याचा दंड तुम्ही मला ठोठावला आहे. तुमच्या पत्रात लिहिलंय, ‘सदर वाहन दुरुस्तीनंतर पूर्ववत झाले असून, मूल्यातील कथित घट ही मालकाने स्वतः केलेल्या कथनामुळे झाली आहे. सबब कंपनीवर जबाबदारी येत नाही.’ खाली तुमची सही, आणि सहीखाली रेघ. सोप्या भाषेत याचा अर्थ असा, की बाई, आमच्याकडे विमा असलेल्या माणसाने तुझी गाडी ठोकली हे खरं, पण तू तोंड शिवून बसली असतीस तर तुझा तोटा झालाच नसता.

तर मग झालं काय ते ऐका. तुमच्या फायलीत तारखा आहेत, बाकी काही नाही.

मी गाड्या रंगवते. माझा धाकटा भाऊ डेंटर, गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करतो, म्हणून त्याला सगळे ठोक्या म्हणतात. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. मला सगळे ताई म्हणतात, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. आमचं वर्कशॉप म्हणजे वर पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला प्लास्टिकचा पडदा. त्या पडद्यामागे मी रंग मारते. रस्त्याची धूळ पडद्याला विचारून आत येत नाही. ओल्या रंगावर एक कण बसला की अख्खा दरवाजा पुन्हा घासायचा. अशी एकोणीस वर्षं झाली.

मला एक बंद रंगखोली घ्यायची होती. आत गाळलेली हवा, चारी बाजूंना दिवे, वर पंखे. दुसऱ्या गावातलं एक गॅरेज बंद पडत होतं, त्यांची खोली सुटी करून विकायला काढलेली होती. गॅरेजवाला म्हणाला, महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो, पुढे नाही. त्यासाठी मी माझी गाडी विकायला काढली. ही गाडी मी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, सहा वर्षं वापरलेली, निळसर राखाडी रंगाची, आणि तोपर्यंत कुणी तिला साधा ओरखडाही काढलेला नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक नर्सबाई राहतात. त्यांना रात्रपाळीला जायला गाडी हवी होती. त्यांनी गाडी चालवून पाहिली, किंमत ठरली, कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. गाडी द्यायला दहा दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी मी सिग्नलला उभी होते. उभी, हे लक्षात घ्या. मागून औषधांची व्हॅन आली आणि थांबायचं विसरली. चालक खाली उतरून म्हणाला, ‘ताई, माझंच चुकलं, मी फोन बघत होतो.’ सांगायचा मुद्दा हा, की त्या भरल्या चौकात खरं बोलणारा पहिला माणूस तो होता. त्यालाही तुम्ही असंच पत्र पाठवलंत की काय कोण जाणे.

डिकी आत गेली, बंपर लोंबकळला, उजवीकडचा मागचा पत्रा चुरगळलेल्या कागदासारखा झाला. दुरुस्तीचा खर्च तुमच्या कंपनीने दिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि आभारही नाहीत, तो द्यायचाच होता.

दुरुस्ती आम्ही केली. आता इथे जरा थांबून मी आमची फुशारकी मारणार आहे, कारण तुमच्या पत्रातला तो ‘पूर्ववत’ शब्द कुठून आला हे तुम्हाला कळायला हवं.

आपटलेला पत्रा नुसता वाकत नाही, तो ताणलाही जातो. ठोकून सरळ केला तरी तो जास्तीचा उरतो आणि दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक टक वाजतो. बहुतेक लोक त्यावर बोटभर पुट्टी थापतात आणि घासून गुळगुळीत करतात. ठोक्या पुट्टीला ‘डेंटरची लबाडी’ म्हणतो. तो पत्रा तापवतो, ओल्या फडक्याने निववतो, पुन्हा तापवतो, पत्रा आपणहून आकसत जातो. मग तळहाताखाली पातळ कापड घेऊन, डोळे मिटून, तो पत्र्यावरून हात फिरवतो. डोळ्यांना न दिसणारा खड्डा त्याच्या हाताला लागतो. चार दिवस त्याने त्या एका पत्र्यावर काढले. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, ‘आलो, एक उंचवटा राहिलाय.’ मला तर तो उंचवटा त्याच्या डोक्यातच दिसत होता.

आणि रंग. गाडीवर जो रंगाचा नंबर लिहिलेला असतो तो नव्या गाडीचा. सहा उन्हाळे खाल्लेल्या गाडीचा रंग त्या नंबरात सापडत नाही. नंबर मिसळून मारला तर तो भाग जुन्या कोटाला नवं ठिगळ लावल्यासारखा दिसतो. मी अकरा वेळा रंग कालवला. थेंबभर काळा, थेंबभर पांढरा, एकदा तर चुकून पिवळा जास्त पडला आणि सगळं ओतून टाकावं लागलं. प्रत्येक नमुना सकाळच्या सावलीत पाहिला, भर उन्हात पाहिला, ट्यूबलाइटखाली पाहिला. मग नवा रंग जुन्या रंगात असा उतरवत नेला, की कुठे संपला ते मलाच नंतर सांगता येईना. एकोणीस वर्षांत मी इतकं चांगलं काम केलेलं नाही. पडदा बाजूला करून गाडी उन्हात आणली तेव्हा ठोक्याने मागच्या पत्र्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाला, ‘ताई, हिला आपण हात लावला होता ना नक्की?’

संध्याकाळी नर्सबाई आल्या.

‘धुऊन ठेवलीत वाटतं ताई? काय चमकतेय!’

एक क्षण मी गप्प राहिले. तेवढा माझा गुन्हा लिहून घ्या.

‘नर्सबाई,’ मी म्हटलं, ‘गाडीला मागून व्हॅन धडकली होती. तुम्ही पाहून गेल्यावर तिसऱ्या दिवशी. आम्ही दुरुस्त केलीय.’

त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. वाकून पाहिलं, पर्समधला चष्मा काढून पाहिलं. ‘कुठे? चेष्टा करताय का माझी?’

मी हात ठेवून दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि मान हलवली. ‘मला काही कळत नाही बाई. तुमच्या हातात जादू आहे.’ मग त्यांनी पर्सची चेन उघडायच्या ऐवजी बंद केली, ते मी पाहिलं.

‘ताई, राग मानू नका. चार वर्षांनी मी ही विकायला काढली तर घेणारा विचारणार, बाई, गाडी ठोकलेली आहे का? मी काय सांगू?’

‘जे खरं ते.’

‘तेच तर. सुई टोचताना मी पेशंटला सांगते, दुखेल म्हणून. मला नाही जमायचं खोटं. म्हणजे तो माणूस जेवढे कापेल, तेवढे मला आजच कापायला हवेत की नाही?’

त्यांचं बरोबर होतं. एक पंचमांश किंमत तिथल्या तिथे गेली. तीच गाडी, तीच घेणारी, तोच महिना. पहिल्या सह्यांचा कागद आहे, दुसऱ्याही सह्यांचा झाला. नुकसान किती झालं हे मोजायला याहून सरळ पट्टी कुठे मिळेल?

नर्सबाई गेल्यावर ठोक्या हातातला हातोडा खाली ठेवून म्हणाला, ‘चार दिवस मी पत्रा सरळ केला, आणि तू एका वाक्यात वाकडा केलास. तुझ्या जिभेला एकदा पुट्टी लावायला हवी.’

‘लाव ना. तुझ्या लबाडीचा डबा कुठे ठेवलायस?’

‘मी थट्टा करत नाहीये. खोली जाईल ताई.’

‘माहीत आहे.’

‘मग?’

मग मी तुमच्याकडे अर्ज केला. ज्याने ठोकली त्याच्या विम्यातून गाडीची कमी झालेली किंमत भरून मिळावी, एवढंच. दोन्ही कागद जोडले, आणि निकाल लागेपर्यंत गाडी नर्सबाईंना विचारून माझ्याकडेच ठेवली. तुम्ही तुमचा सर्व्हेअर पाठवलात.

आणि इथे माझं चुकलं. हे मी स्वतःहून कबूल करते, कारण तुमच्या माणसांपैकी कुणी आपली चूक कबूल केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

सर्व्हेअर आले ते इस्त्रीच्या शर्टात, हातात टॉर्च आणि खिशात लोहचुंबक घेऊन. गाडी कुठे ठोकली ते लिहिलेली फाईल त्यांच्या मोटरसायकलच्या पेटीतच राहिली होती. त्यांनी वर्कशॉपकडे, पडद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

‘पेंटर कुठे आहेत?’

‘समोर आहे.’

‘अच्छा, तुम्ही.’ त्यांनी पडद्याला बोट लावून पाहिलं. ‘इथे रंगवली? या धुळीत? मग किंमत कमी होणारच हो. असल्या ठिकाणच्या कामाला कोण पैसे देणार?’

साहेब, माझं डोकं फिरलं. नुकसान मागायला बसलेल्या बाईने त्या वेळी ‘हो ना, बघा ना’ म्हणून मान डोलवायला हवी होती. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी काय म्हणाले?

‘शोधून दाखवा.’

‘काय?’

‘कुठे ठोकली होती ते. टॉर्च आहे, चुंबक आहे. शोधून दाखवा.’

ठोक्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जळत्या घरावर रॉकेल ओततेय. पण दोनच मिनिटांत त्यालाही चेव चढला. तोही हाताची घडी घालून उभा राहिला. सर्व्हेअर गुडघ्यांवर बसले. टॉर्च मारली, चुंबक फिरवलं. जाड पुट्टीवर चुंबक चिकटत नाही, पण इथे जिथे लावावं तिथे घट्ट चिकटत होतं. पाऊण तासाने त्यांचा शर्ट ओला झाला. शेवटी त्यांनी खिशातून खडू काढला आणि डाव्या मागच्या दारावर गोल काढला.

‘इथे,’ ते म्हणाले.

‘साहेब,’ ठोक्या म्हणाला, ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा. उजवीकडे या.’

आणि आम्ही दोघं हसलो. असं हसलो, की शेजारचा पंक्चरवाला काय झालं ते बघायला आला. ठोक्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सर्व्हेअरनी खडू खिशात ठेवला, मोटरसायकलवर बसले, आणि त्यांच्या अहवालात काय आलं? ‘खुद्द मालकांनी दोष शोधून दाखविण्याचे आव्हान दिले. बारकाईने तपासणी करूनही दोष आढळला नाही.’ डावीकडे काढलेला गोल मात्र अहवालात आला नाही. तो अजून माझ्याकडे आहे म्हणावं, तर मीच फडक्याने पुसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या कामाचं सर्टिफिकेट तुम्हीच दिलंत, आणि त्याच सर्टिफिकेटाने आमचा गळा कापला.

आठवड्याने तुमच्या क्लेमवाल्यांचा फोन आला. आवाज गोड होता.

‘ताई, तुमचं प्रकरण मी मार्गी लावतो. एक फॉर्म पाठवतोय. दुरुस्तीत थोडे दोष राहिलेत, असं त्यात लिहिलंय, खाली फक्त सही करा. दोष असला की घट दाखवता येते. लगेच मंजूर.’

‘पण दोष नाहीये.’

‘अहो, मला माहीत आहे. कागदाला थोडीच माहीत आहे?’

फॉर्म आला. महिनाअखेरीला चार दिवस होते. मी तो टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि बसून राहिले. खोकला येत होता. एकोणीस वर्षं पडद्यामागे रंग मारल्यावर तो येतोच. डॉक्टर म्हणतात, मास्क पुरेसा नाही, बंद खोलीत काम करा.

‘सही कर,’ ठोक्या म्हणाला. ‘कोण वाचतंय तो कागद? तिथे कपाटात पडणार. तो कागद तुझ्या छातीपेक्षा मोठा नाही, आणि नाकापेक्षा मोती जड करून ठेवू नकोस.’

‘माझ्या रंगात दोष आहे असं लिहू?’

‘लिही की. थोडा फरक आहे म्हण. रंगात काय, उन्हातही फरक पडतो. त्यात काय एवढं!’

‘बरं.’ मी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. ‘वाच तरी एकदा.’

तो वाचू लागला. ओठ हलवत वाचतो तो. ‘“रंगछटेत तफावत...” हं, ठीक. “तसेच पत्रेकामात उंचसखलपणा...”’ त्याचे ओठ थांबले. ‘पत्रेकामात?’

‘हो.’

‘उंचसखलपणा?’

‘लिहिलंय खरं.’

‘कुठाय?’ तो उठलाच. ‘कुठाय उंचसखलपणा? कोण म्हणतो? बोलव त्याला! डोळे मिटून हात फिरवायला सांग! च्यायला, चार दिवस मी—’

‘कोण वाचतंय तो कागद,’ मी म्हटलं. ‘त्यात काय एवढं.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला स्वतःलाच हसू फुटलं. ‘तुझ्या रंगाचं चाललं असतं गं,’ तो म्हणाला, ‘पण पत्र्याचं...’ आणि पेनाचं टोपण त्यानेच लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गाडीतून तुमच्या कार्यालयात आलो. तिसरा मजला, शेवटचं टेबल, काचेखाली देवाच्या जागी लक्ष्यपूर्तीचा तक्ता. क्लेमवाल्यांनी सही नसलेला फॉर्म पाहिला आणि हताश झाले.

‘ताई, मी तुमच्या भल्यासाठी सांगत होतो.’

‘माझं भलं माझ्या कामात आहे. काम चोख आहे आणि किंमत घटली आहे. दोन्ही खरं आहे. दोन्ही मावेल असा फॉर्म द्या.’

‘तसा फॉर्म नसतो.’ ते खुर्चीत मागे टेकले. ‘गाडी आणलीय का? बघू तरी, सर्व्हेअरला घाम फोडणारी गाडी.’

ते खाली आले. फाटकाजवळ भर उन्हात गाडी उभी होती. त्यांनी एक फेरी मारली, दुसरी मारली, उजव्या पत्र्यावर तळहात ठेवला. माणूस वाईट नाही तुमचा. खरंच खूश झाला. ‘वा! नाव ठेवायला जागा नाही. आत बसून बघू?’ बसले. सुरू करून इंजिन ऐकलं. ‘मेव्हण्यासाठी अशीच गाडी बघतोय मी. काय म्हणता किमतीचं?’

मी नर्सबाईंशी पहिल्यांदा ठरलेली किंमत सांगितली. अपघाताआधीची.

ते मोठ्यांदा हसले. ‘काय ताई! ठोकलेल्या गाडीचे एवढे कोण देणार?’

फाटकावरचा वॉचमन खुर्चीत सरळ झाला.

‘पूर्ववत झालीय ना साहेब,’ ठोक्या म्हणाला.

क्लेमवाले गाडीतून उतरले. दार इतक्या हळू लावलं, की जणू आत कुणी झोपलंय.

‘आत्ता बोललात ते वाक्य लिहून द्या,’ मी म्हटलं. ‘एवढंच. दुसरा फॉर्म नको.’

‘ते... बोलण्याच्या ओघात...’

‘बोलण्याच्या ओघात खरंच बाहेर पडतं. लिहायला बसलं की फॉर्म आडवा येतो.’

वॉचमन खाकरला. क्लेमवाले म्हणाले, वर मोठ्या साहेबांशी बोलतो. बोलले असतील. तीन आठवड्यांनी तुमचं पत्र आलं.

तोवर महिना संपला होता. रंगखोली दुसऱ्याने नेली. गाडी मी नर्सबाईंना कमी किमतीत दिली, दोन कागदांपैकी दुसऱ्या कागदाप्रमाणे, आणि पत्रा कुठे, किती, कोणत्या दिवशी सरळ केला हे सगळं लिहून दिलं. खाली आम्हा दोघांच्या सह्या. ठोक्याने सहीच्या आधी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘पुट्टी नावापुरती.’ त्या रोज रात्री त्याच गाडीने हॉस्पिटलला जातात. वळणावर आमच्यासाठी एकदा हॉर्न वाजवतात.

मी पुन्हा पडद्यामागे आहे. पण गिऱ्हाईक वाढलंय. तुमच्या सर्व्हेअरने खडूचा गोल कुठे काढला, ही गोष्ट पंक्चरवाल्याने गावभर केली. परवा एक माणूस चाळीस मैलांवरून आला आणि म्हणाला, ज्यांचं काम कंपनीला सापडलं नाही ते तुम्हीच का? मी म्हटलं, आम्हीच. धुळीत बसून आम्ही हे करतो. बंद खोली मिळाली तर काय करू याचा विचार तुम्हीच करा. ती मी घेईनच, तुमच्या पैशाने किंवा तुमच्याशिवाय.

म्हणून मी तुमच्याकडे दया मागत नाही. हिशेब मागते, तोही एकाच प्रश्नाचा. तुमच्या लेखी गाडी पूर्ववत आहे आणि तिची किंमत एका पैशानेही घटलेली नाही. ठीक. मग अपघाताचं सगळं खरं सांगितल्यावरही ज्याने ही गाडी माझ्याकडून आधीच्या किमतीला घेतली असती, असा एक माणूस तुम्हाला माहीत असणार. तुमच्या कार्यालयात तो नाही, ते मी पाहिलं. सर्व्हेअर नाहीत, क्लेमवाले नाहीत, त्यांचा मेव्हणा नाही. तुम्ही स्वतः आहात का?

असाल तर तसं लिहा. नसाल तर जो आहे त्याचं नाव आणि पत्ता कळवा. पंधरा दिवसांत, तुमच्या सहीने.